बत्तीस एमबीची चाल

कळमनुरी,
गुरुवार, ८ एप्रिल २००४
(सकाळचे दहा. लाइट आहे, म्हणून घाईत.)

आदरणीय दाजी यांस,

प्रज्ञेशचा वाकून जयभीम. संध्याताईला आणि तिच्या सासूबाईंनाही जयभीम. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, उन्हानं थोडे वाळलो आहोत इतकंच. तुम्ही तिकडे नांदेडात ठीक असालच, कारण नसता तर एव्हाना ताईचा फोन येऊन आईनं डोळ्याला पदर लावला असता. ताईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, आईनं पाठवलेलं तेल गुडघ्याला लावायचं आहे, तुमच्या डोक्याला नाही. (मागच्या खेपेस तुमच्या केसांना येणारा वास फार ओळखीचा वाटला होता. पण तुम्ही घरचे जावई, तुम्हाला असं तोंडावर कसं विचारणार?)

पत्रास कारण की, निकाल लागला! दाजी, गेले आठ दिवस मला जेवण गोड लागलेलं नाही. तुम्ही हैदराबादेहून ते नवं ग्राफिक्स कार्ड आणलंत आणि लग्नसराईत व्हिडिओ शूटिंगच्या गडबडीत तपासायला वेळ नाही म्हणून माझ्याकडे पाठवलंत. वर नियम घालून दिलात: "तुझं जुनं आणि माझं नवं, दोन्ही आठ दिवस बराबर लावून बघ. चांगलं ठरेल ते नांदेडला पाठव, राहिलेलं तुझ्याकडे ठेव." किती मोठं मन! त्या क्षणापासून मी स्वतःला माणूस समजलोच नाही, तराजूचा काटा समजलो. (काट्याला स्वतःची इच्छा नसते. मला नव्हती. हे मी पुढेही दोनतीनदा सांगणार आहे.)

ताई शेजारी बसून वाचत असेल तर तिच्यासाठी सांगतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली तळहाताएवढी हिरवी पट्टी. कॉम्प्युटर विचार करतो आणि त्याचं चित्र काढून पडद्यावर टाकायचं काम ही पट्टी करते. पट्टी जुनी असली की चित्र रखडतं, नवी असली की पळतं. माझं जुनं बत्तीस एमबीचं, लग्नपत्रिकांचं दुकान टाकलं तेव्हापासूनचं. दाजींचं नवं एकशे अठ्ठावीस एमबीचं, आणि त्याच्या पाठीवर चक्क एक छोटा पंखा. एवढंच आहे ताई, बाकीचं आम्ही पुरुष मंडळी उगाच मोठं करून सांगतो.

तर तपासणी. पंच म्हणून मी तातेरावांना बोलावलं. तातेराव आमच्या विहार समितीचे अध्यक्ष हे तुम्हाला माहीतच आहे, पण त्यांची खरी कीर्ती बैलांची. कळमनुरी तालुक्यातल्या माणसाला जोडी घ्यायची असली की तो जवळा बाजारला जाताना आधी तातेरावांना गाडीवर मागं बसवतो. त्यांनी आल्याबरोबर कायदा सांगितला. रान एक, औत एक, हाकणारा एक, मगच बैलाची पारख होते. म्हणजे दोन कॉम्प्युटरवर दोन कार्डं लावायची नाहीत. एकाच कॉम्प्युटरमध्ये आधी एक, मग ते काढून दुसरं, गेम तोच आणि खेळणारा मीच. मला हे इतकं पटलं की मी दिवसातून सहा सहा वेळा डबा उघडून कार्डं बदलली. (एक स्क्रू हरवला आहे. तो तातेरावांच्या चहात पडला अशी मला शंका आहे. पण त्यांची तब्येत उत्तम आहे, म्हणून मी विषय काढला नाही.)

तातेरावांनी दोन्ही कार्डं उलटी धरून खालच्या सोनेरी पट्ट्यांवरून बोट फिरवलं. पट्ट्यांना ते दात म्हणतात. चष्मा लावून त्यांनी दोन्हीचे दात मोजले आणि माझ्याकडे संशयानं बघितलं. "दात तर दोन्हीचे सारखे हाईत. मंग एक जुनं अन् एक नवं कसं म्हनून राहिला तू?" मग त्यांनी नव्याच्या पाठीवरचा पंखा बघितला आणि पहिला शेरा मारला, की ज्या गड्याला काम करताना वारा घालावा लागते, तो गडी कामाचा न्हाई. मी वहीत लिहून घेतलं. मी काटा होतो, मला लिहिणं भाग होतं.

आणि दाजी, शेरा खोटा नाही हो! आमच्याकडे सध्या दिवसाचं भारनियमन सात तास. लाइट गेली की जुन्या कार्डावर माझी बॅटरी अकरा मिनिटं तग धरते, तेवढ्यात लग्नपत्रिकेतलं मामाचं नाव टाकून होतं. नवं लावलं की चौथ्या मिनिटाला बॅटरी पीं पीं करून मान टाकते. जुनं कार्ड गपगुमान काम करतं, नवं पिठाच्या गिरणीसारखं घुमतं. आता तुम्हीच सांगा, गाडीच्या शर्यतीचा गेम नव्यावर जास्त पळाला, तर त्यात त्याचं काय कौतुक? पळणाऱ्याला पोचायची घाई असते. जुन्यावर तीच शर्यत खेळताना मला रस्त्याकडेचं एकेक झाड ओळखीचं झालं. (माझी गाडी पोचली तेव्हा बाकीचे गाडीवाले घरी जाऊन जेवले असतील. पण तो मुद्दा वेगळा.)

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मेहुणा एका बाजूला झुकतो आहे. म्हणून शेवटची आणि मोठी परीक्षा सांगतो. ती मी घेतली नाही, ती जनकाबाईंनी घेतली.

जनकाबाई म्हणजे नवरा सोनाजीबाबा वारल्यापासून एकट्या राहणाऱ्या आजी, बौद्धवाड्याच्या तोंडाशी त्यांचं पत्र्याचं घर. आता विहार बांधायचा तर जागा हवी, आणि मोक्याची जागा तेवढी एक. आजी द्यायला तयार आहेत, मागच्या अंगाला त्यांना एक खोली बांधून द्यायची असं ठरलं आहे. चौदा एप्रिलला जयंतीच्या सभेत त्या तसं सगळ्यांसमोर सांगणार आहेत. पण त्यांची एकच अट: काय बांधणार ते आधी मला दाखवा. रास्तच आहे ना दाजी? राहतं घर पाडायला द्यायचं, ते काय न बघता द्यायचं? हरिचंदकाका ओव्हरसीयरांनी निळा नकाशा काढला होता. तो आजींनी उलटा, सुलटा, उन्हात धरून बघितला आणि परत घडी घातला. त्यांना त्यात नुसत्या रेघा दिसत होत्या. आजी हो म्हणेनात, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय विहाराची वीटही हलणार नव्हती.

तेव्हा मी पुढे झालो. (मला कोणी बोलावलं नव्हतं.) महिनाभर खपून मी तो नकाशा कॉम्प्युटरवर उभा केला. भिंती, दारं, खिडक्या, पायऱ्या, वर निळं आकाश. बटण दाबलं की आपण फाटकातून आत चालत जातो, पायऱ्या चढतो, सभागृहात फिरतो, अगदी आपल्याच पायांनी फिरल्यासारखं. परवा सगळी समिती दुकानात बसली. आजींना पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं, हातात काठी तशीच.

आधी नवं कार्ड लावलं. दाजी, काय सांगू! फाटक, पायऱ्या, दार, सभागृह, मागची खोली, पुन्हा फाटक, सगळं नऊ सेकंदांत. समितीनं टाळ्या वाजवल्या. हरिचंदकाकांचा ऊर भरून आला, त्यांच्या रेघांना असं पळताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. आणि आजी? आजींनी तातेरावांचा दंड दोन्ही हातांनी धरला होता आणि डोळे गच्च मिटले होते. "झालं का? मला वाटलं मी जीपीतून पडले."

मग जुनं लावलं. बत्तीस एमबी, बिनपंख्याचं. फाटकाचं चित्र आलं आणि थांबलं. थोड्या वेळानं फाटक एक पाऊल जवळ आलं, थांबलं. समिती चुळबुळ करायला लागली. पण आजींनी डोळे उघडले होते. चित्र एक पाऊल पुढं सरकलं की त्यांची काठी फरशीवर टक् वाजायची. चित्र थांबलं की काठी थांबायची. माझ्या लक्षात यायला वेळ लागला दाजी, पण आजी चालत होत्या! बसल्या जागी, त्यांच्या चालीनं, त्यांच्या स्वतःच्या जागेत चालत होत्या.

पायऱ्यांपाशी तर कार्ड पारच अडलं. (पायऱ्यांना मी दगडाचा रंग दिला होता, तो त्याला झेपेना.) आजींनी काठीचं टोक पडद्यापर्यंत नेऊन मोजल्या. सात. मग त्या हळूच म्हणाल्या, "सात पायऱ्या? अन् धरायला काईच न्हाई? लेकरा, मी ह्या कशा चढू? बाहीर बसून आमची जिंदगी गेली. आता माझ्याच जागेत, आपल्याच विहारात, मी बाहीरच बसू काय?"

ह्या पायऱ्या नव्या कार्डावर आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवत बघितल्या होत्या, आणि एकालाही त्या दिसल्या नव्हत्या. हरिचंदकाकांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि माझ्याच टेबलावर बसून पायऱ्यांच्या अंगानं एक लांब उतार काढला, काठीवाल्याला, पांगळ्याला, लेकुरवाळीला सगळ्यांना चढता येईल असा, कडेला धरायला दांडी. तातेरावांनी निकाल दिला: "पळनाऱ्याची चाल कळत न्हाई, चालनाऱ्याची कळते. जुनंच बराबर हाय." समितीनं हात वर करून मान्य केलं.

तेव्हा दाजी, निकाल एकमतानं जुन्याच्या बाजूनं. आणि तुमचा नियम मला शिरसावंद्य आहे. चांगलं ते नांदेडला! काळजावर दगड ठेवून मी माझं जुनं, सोन्यासारखं, बिनआवाजी, समितीनं वाखाणलेलं कार्ड आज नांदेडच्या शिटा भरणाऱ्या थावराच्या जीपमधून तुमच्याकडे पाठवत आहे. माझ्या वाट्याला ते घुमणारं, बॅटरी खाणारं नवं राहिलं, त्याला इलाज नाही. धाकट्यानं सोसायचंच असतं. ताईला सांगा, तिचा भाऊ अन्याय झाला असं कधी म्हणणार नाही.

आपला, पंख्याच्या घुमण्यात दिवस ढकलणारा मेहुणा,
प्रज्ञेश

ता. क. (साडेअकरा.) दाजी, गोंधळ झाला. पार्सल थावराच्या जीपमध्ये टाकून आलो आणि हे पत्र खिशातच राहिलं. राहिलंच आहे तर एक गोष्ट लिहून टाकतो, नाहीतर रात्री झोप येणार नाही. वर मी आकडे लिहिले नाहीत. नवं कार्ड सेकंदाला चाळीस चित्रं काढतं. जुनं तीन सेकंदांना एक. आणि दाजी, नव्यावर शर्यतीतल्या गाडीच्या खाली सावली पडते हो! गाडी वळली की सावली वळते! काचेत ढग दिसतात! जुन्यावर पाच वर्षं माझी गाडी रस्त्यापासून चार बोटं वर तरंगत होती आणि मला वाटायचं, गाडी अशीच असते. पहिल्यांदा ती सावली बघितली तेव्हा मी दुकानात एकटा उभा राहून ओरडलो. मला ते कार्ड पाहिजे होतं. फार फार पाहिजे होतं. वरच्या पत्रात खोटं वाक्य एकही नाही, पण काट्यावर माझा अंगठा होता. माफ करा. (तसं तुमच्या लग्नाच्या कॅसेटी जोडायला ह्या कार्डाचा फारसा उपयोग नसतो, हेही खरं आहे. पण ते मी आता कोणत्या तोंडानं सांगू?)

ता. क. दुसरा (दीड.) जनकाबाई आल्या! भर उन्हात, काठी टेकत, एकट्या. पाठोपाठ तातेराव. आजींना उतार बघायचा होता. चौदा तारखेला चारचौघांत हो म्हणायचं तर आधी एकदा चढून बघते, म्हणाल्या. उतार मी कालच चित्रात बसवला होता. पण आता कॉम्प्युटरच्या पोटात नवं कार्ड! बटण दाबलं आणि आजी उतारावरून ज्या वर गेल्या त्या थेट मागच्या भिंतीत. मी वेग कमी केला. पार कमी केला. तरी ते लोण्यासारखं सरकत होतं, कुठं पाऊल नाही की थांबणं नाही. काठीला टेकायला जागाच मिळेना. "हे चालनं न्हाई लेकरा, हे घसरनं हाय." आजी उठल्या. म्हणाल्या, "राहू दे मंग. न बघता मी हो कशी म्हनू? चौदाला मी काईच बोलत न्हाई." सगळा विहार माझ्या डोळ्यांसमोर पडला. तातेरावांनी विचारलं, "जुनं कुठं हाय?" मी म्हटलं, नांदेडला. "काहून?" दाजी, त्या काहूनवर मी त्यांच्याकडे गाडीची किल्लीच मागितली. त्यांच्याच मोटारसायकलवर निघतो आहे. पत्र खिशात घालतो.

ता. क. तिसरा (साडेचार.) वारंगा फाट्यापर्यंत गेलो! वाटेत दिसेल त्या काळ्या-पिवळ्या जीपला आडवा गेलो. फाट्यावर खिचडी खात बसलेल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या ताटात डोकावलो, थावरा कोणीच बघितला नव्हता. एक जण म्हणाला, भरल्याबिगर थावरा हालते कधी? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तसाच परत फिरलो. आणि दाजी, जीप कळमनुरीच्या स्टँडवर, मी सकाळी सोडली होती तिथंच! आत बारा माणसं घामानं निथळत बसलेली, एका बाईचे पाय माझ्या पार्सलवर, आणि थावरा बोनेटच्या सावलीत आडवा. "काहून पळून राहिला मालक? दोन शिटा बाकी हाईत."

आजींना तातेरावांनी उसाचा रस पाजून थांबवून ठेवलं होतं. मी घाईघाईनं जुनं कार्ड लावलं. (एका स्क्रूवर. दुसरा चहात आहे.) लाइट गेलेली. अकरा मिनिटांची बॅटरी. फाटक आलं. टक्. उतार आला. टक्, थांबणं, टक्. आजींचा डावा हात हवेत वर गेला आणि दांडी धरल्यासारखा मिटला. उतार संपला, दाराचं चित्र आलं आणि तिथं थांबलं. आजींनी खाली वाकून पायातल्या चपला काढल्या. दाजी, माझ्या दुकानात, पडद्यासमोर, त्यांनी चपला काढल्या आणि मग पुढचं पाऊल टाकलं. तातेरावांनीही काढल्या. मी पण काढल्या. सभागृहाच्या मध्यावर बॅटरीनं मान टाकली आणि पडदा काळा झाला, तर आजी म्हणाल्या, "असू दे. आत तर आले." चौदा तारखेला त्या बोलणार आहेत! हो म्हणणार आहेत! मला इतका आनंद झाला आहे की मी थावराच्या बारा माणसांनाही सांगून आलो.

तर आता खरी विनंती. ह्याच पार्सलातून मी तुमचं नवं कार्ड पाठवतो आहे. (दोन शिटा अजून बाकी आहेत, घाई नाही.) जुनं मला राहू द्या. समितीच्या निकालानं बघाल तर तुमचा नियम मोडतो आहे, आकड्यांनी बघाल तर पाळतो आहे. तुम्हाला बरं वाटेल तसं समजा. चौदाला मात्र कॅमेरा घेऊन याच, आजी बोलतील ते कॅसेटवर पाहिजे. ताईलाही आणा, चढायला उतार आहे म्हणावं, निदान चित्रात तरी. आणि येताना जागा असली पिशवीत, तर ते नवं कार्ड... आठ दिवसांत तपासणी तशी पुरती झाली नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

ता. क. शेवटचा. पार्सल बांधायला खाली वाकलो तर टेबलाखाली आजींच्या चपला. विहाराच्या दाराशी काढल्या त्या तिथंच राहिल्या. तातेरावांनी त्यांना मोटारसायकलवरून घरी सोडलं आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही. डांबर अजून तापलेलं आहे, त्या पुन्हा निघाल्या तर पाय भाजतील. पत्र इथंच थांबवतो, आधी चपला पोचवून येतो.